'हक्क सोडला' की 'हक्क बजावला नाही'?

ओलीकाठ: बायबलमधील करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 9 वरच्या प्रवचनाचे भाषांतर चालू आहे. त्यात पत्रलेखक प्रेषित पौल सांगतो, की मंडळीकडून पोटापाणी घेण्याचा हक्क असून त्याने तो वापरला नाही. "पौलाने आपला हक्क सोडला" असे लिहिले होते. तपासनिसाने खोडून "हक्क बजावला नाही" केले. हे मतदानाला न गेल्यासारखे वाटते. योग्य काय?

मळणी: तपासनिसाचेच. 'सोडला' म्हटले की हक्कसोडपत्र आले. ते नोंदवले, फेरफार झाला, सातबाऱ्यावरून नाव गेले की विषय संपला. पौलाचा हक्क शाबूत आहे. 12व्या वचनातले ग्रीक क्रियापद साधे 'वापरणे' आहे. शिपाई पदरचे खाऊन लढत नाही, मळा लावणारा द्राक्षे खातो, मळणीच्या बैलाला मुसके घालू नये (बायबलमधील 'अनुवाद' हे पुस्तक, 25:4), असे दाखले देत तो आधी हक्क सिद्ध करतो आणि मग घेत नाही. शिवाय करिंथात असताना मासेदोनियाहून आलेली मदत त्याने घेतलीच (2 करिंथ 11:9). फिलिप्पै शहरात तर रोमन नागरिकत्वाचा हक्क ठणकावून सांगितला.

रानवाट: "हक्कावर पाणी सोडले" म्हणा, रुळलेले आहे.

मळणी: ते दानाचे उदक. दान परत येत नाही, म्हणजे पुन्हा हक्कसोडपत्रच. आणि आता त्यात हळहळ आली आहे. पौल 15व्या वचनात याच गोष्टीचा अभिमान सांगतो.

शुद्धमती: मुळात 'हक्क' अरबी. शास्त्रात 'अधिकार' शोभतो.

टाचण: शोभेल, पण अधिकार दुसऱ्यावर गाजवतात. इथे प्रश्न जेवणाचा आणि पोटापाण्याचा आहे. खरी अडचण 8:9 ला येते. मूर्तीपुढचे अन्न खाण्याची करिंथकरांची मोकळीक, तिलाही हक्कासाठीचा तोच ग्रीक शब्द, 'एक्सूसिया'. तिथे 'मोकळीक' आणि इथे 'हक्क' केले की दोन अध्यायांचा सांधा निखळतो. तुमच्या 'एक्सूसिया'ने दुबळ्या भावाला ठेच लागू नये, आणि हे पाहा मी माझ्या 'एक्सूसिया'चे काय केले, असा तो युक्तिवाद आहे.

रानवाट: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचे वेतन सोडले, तिथे 'सोडले'च म्हणतो ना?

टाचण: तिथे नोकरीच सोडली, म्हणून चपखल. 19व्या वचनातला 'दास' मात्र मला खटकतो. तिथले ग्रीक क्रियापद 'दूलॉस'वरून आले आहे, आणि 'दूलॉस' म्हणजे गुलाम. आपल्याकडे अभंगांनी आणि रामदासांनी 'दास' इतका गोड केला आहे की धक्का बसत नाही.

शुद्धमती: मग 'गुलाम'? पुन्हा अरबीच! 'सेवक' घ्या.

टाचण: सेवक 'दियाकोनॉस' या दुसऱ्या ग्रीक शब्दाला लागतो. इथे खर्च केला तर तिथे काय उरणार?

मळणी: एक गंमत: हक्कही बजावतात आणि सेवाही बजावतात. 'बजावणे' फारसी 'बजा आणणे'वरून, म्हणजे जागच्या जागी पार पाडणे.

रानवाट: छे, वाजवण्यावरूनच. 'बजावून सांगणे' कुठून आले मग? दवंडी पिटूनच!

ओलीकाठ: मजकूर परवा छापायला जायचा आहे. वाक्याचे काय करू?

शुद्धमती: वर 'मुसके घालू नये' वाचले. मुसके बांधतात ना?

मळणी: बैलाला घालतात. बांधतात त्या चोराच्या मुसक्या.

रानवाट: आणि वर्तमानपत्रवाले आवळतात.