नातवाच्या मांड्या काचतात, टेनिससाठी हाफ पँट कोणती घेऊ?

प्रश्न (नागपूर, धरमपेठचे आजोबा):

नमस्कार मंडळी. नातू ९ वर्षांचा, दीड वर्षापासून टेनिस शिकतोय. मुलगा-सून नोकरीवर, त्यामुळे सकाळी सहाला रामनगरच्या कोर्टावर त्याला स्कूटरवरून नेणं-आणणं माझ्याकडे. एप्रिलपासून पाहतोय, लांब पडलेल्या बॉलवर हा जातच नाही. दोन पावलं टाकतो आणि सोडून देतो. मी त्याला दोनदा आळशी म्हणालो. परवा आंघोळीचं पाणी अंगावर पडताच ओरडला, तेव्हा पाहिलं: दोन्ही मांड्या आतून लालभडक, एका जागी सालटं निघालेलं. "तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही," म्हणाला. तेव्हापासून मला चैन नाही.

आताची पँट सुती होजियरीची, बर्डीवरून घेतलेली. वाढतं अंग म्हणून एक नंबर मोठी, गुडघ्याखाली येते. दुसरी पॉलिस्टरची आहे, आत जाळीचं अस्तर. ती टोचते म्हणून तो घालत नाही. नेमकं काय पाहून घ्यावं?

उत्तर (महालातली शिवणवाली):

काकाजी, आधी पोराला बरं होऊ द्या, तोवर खेळ बंद. साल निघालेल्या जागी पावडर लावू नका.

आता पँट. वाढत्या अंगाची घेतली, तिथेच चुकलं. मोठ्या पँटीचं आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तो भाग, खाली लोंबतं, पळताना तो कापडाचा बोळा दोन मांड्यांमध्ये घासतो. त्यात सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं. आणि आपल्याकडचा मे महिना! घाम वाळतो, मीठ उरतं, तेच मीठ कातडीवर घासतं.

दुकानात पँट उलटी करून आसन बघा. चारही शिवणी एकाच टोकाला मिळत असतील तर तिथे गाठ होते, ती काचते. मध्ये वेगळा तुकडा जोडलेला असेल तर शिवणी बाजूला जातात आणि पाय फाकवायला जागा मिळते. मी २२ वर्षं शिवतेय, लहान मुलांच्या पँटीत हा तुकडा क्वचितच दिसतो. नसेल तर ओळखीच्या टेलरकडून लावून घ्या. कंबरेला रुंद इलास्टिक आणि आतून नाडी, दोन्ही हवं. इलास्टिक घामाने ढिलं पडलं की पोरगं एका हाताने पँट सावरत खेळतं.

उत्तर (कॉलेजात टेनिस खेळलेला):

ताईंचं बरोबर आहे. विम्बल्डनवर १९३३ साली इंग्लंडचा टेनिसपटू बनी ऑस्टिन हाफ पँट घालून उतरला, तेही फ्लॅनेलची लांब पँट घामाने भिजून जड होते म्हणूनच.

पातळ पॉलिस्टर घ्या, लेबलवर थोडं स्पँडेक्स लिहिलेलं असावं म्हणजे ताणतं. लांबी गुडघ्याच्या वर चार बोटं. जाळीचं अस्तर नकोच. त्याऐवजी आत मांडीला चिकटून बसणारी स्किनटाइट शॉर्ट्स वेगळी घाला. मग कापडावर कापड घासतं, कातडीवर नाही.

खिसे विसरू नका. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरा बॉल खिशातूनच निघतो. बॉल साडेसहा सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो, उथळ खिशातून पळताना पडतो.

उत्तर (मानेवाड्याची आई):

माझा पोरगा बॅडमिंटन खेळून राहिला तीन वर्षांपासून. पॉलिस्टरच्या पँटीला फॅब्रिक कंडिशनर लावत होते, मग कापड घाम ओढेना. आता साधा साबण, थंड पाणी, सावलीत उलटी वाळवते. खेळून आल्यावर लगेच पँट बदलायला लावा, ओल्या पँटीत स्कूटरवर बसून घरी येऊ देऊ नका.

प्रश्नकर्त्याचं उत्तर:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस कोर्ट बंद ठेवलं, जखम सुकली. काल दोन बॉल खिशात घेऊनच दुकानात गेलो. नातवाला उकिडवं बसवलं, डाव्या-उजव्या बाजूला लांब पावलं टाकायला लावली. तिसरी पँट बसली. निळी, मापाची, आसनाला तुकडा असलेली. आतली शॉर्ट्स वेगळी घेतली. त्याची माफीही मागितली, दुकानातच.

आज सकाळी कोचने कोपऱ्यात टाकलेला एक बॉल त्याने पळत जाऊन परतवला. बाहेर गेला, पण त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.