सल्ला हवा: घरच्या पूलमधलं शेवाळ घासूनही परत येतंय (अलिबाग)

नारळीबाग:
अलिबागजवळच्या घरच्या पूलबद्दल विचारायचं आहे. माप 8 × 4 मीटर, खोली 1 ते 1.5 मीटर, काचेच्या मोझॅक टाईल्स. ओव्हरफ्लो पद्धतीचा आहे, सोबत 5,000 लिटरची बॅलन्सिंग टाकी (काठावरून सांडणारं पाणी जमा होतं ती). वाळूचा फिल्टर, पंप रोज 4 तास. जानेवारीपासून दर आठवड्याला टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) 200 ग्रॅमच्या 3 गोळ्या पडतात.

पायऱ्यांवर हिरवं, निसरडं शेवाळ आहे आणि खोल बाजूला टाईल्सच्या सांध्यांत काळे ठिपके. घासलं की जातात, चार-पाच दिवसांत पुन्हा हजर. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून झालं, तुरटीही दोनदा फिरवली. पिवळ्या थेंबांच्या किटवर क्लोरीन 3 दिसतं, पीएच 7.8. क्लोरीन असताना शेवाळ धरतंच कसं? पाणी बदलायचं म्हटलं तर मे तोंडावर आहे, विहीर तळाला गेली आहे, टँकरच आणावे लागतील.

थेंबमोजणी:
तुमचा 3 हा आकडा फसवा आहे, दोन कारणांनी.

पहिलं, पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात. घाम, तेल, कुजका पाला यांच्याशी बांधलं गेलेलं, जवळजवळ निकामी क्लोरीनही त्यात धरलं जातं. मोकळं क्लोरीन वेगळं मोजणारं डीपीडी किट घ्या, शक्यतो थेंब मोजायचं. नुसती रंगाची तुलना करायची असेल तर क्लोरीन 10 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) वर गेल्यावर रंगच उडतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं.

दुसरं कारण मोठं. टीसीसीए म्हणजे क्लोरीन अधिक सायन्यूरिक आम्ल, म्हणजे ज्याला आपण स्टॅबिलायझर म्हणतो. क्लोरीन मारामारीत खर्च होतं, उन्हात उडतं. स्टॅबिलायझर पाण्यातच राहतो आणि साठत जातो. तुमचं पाणी टाकी धरून 45,000 लिटर. त्यात 200 ग्रॅमची एक गोळी साधारण 4 पीपीएम क्लोरीन देते आणि 2.4 पीपीएम स्टॅबिलायझर. आठवड्याला तीन गोळ्या म्हणजे महिन्याला 30 पीपीएम. हा स्टॅबिलायझर उन्हापासून क्लोरीनला वाचवतो हे खरं, पण त्यासाठी तो क्लोरीनला धरून ठेवतो. तो फार साठला की शेवाळ वाढतं त्या वेगाने क्लोरीन त्याला मारू शकत नाही.

म्हणून आधी स्टॅबिलायझर मोजा. नळीत पाणी आणि पावडर घालून तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत भरायची ती चाचणी. आकडा 100 च्या वर वाटला तर पूलचं पाणी आणि साधं पाणी निम्मं-निम्मं करून पुन्हा मोजा आणि येईल त्याची दुप्पट करा. तोवर नवीन काही टाकू नका.

वाळूगाळणी:
मोरचूद पुन्हा टाकू नका, ही कळकळीची विनंती. तांबं शेवाळाची वाढ रोखतं, पण ते पाण्यातच राहतं. पीएच चढला की टाईल्सवर आणि ग्राउटवर (सांध्यांतल्या भरणावर) निळसर किंवा काळपट डाग बसतात, आणि पांढऱ्या किंवा फिक्या केसांना हिरवी झाक येते. तुमचे काळे ठिपके नक्की शेवाळाचेच आहेत का, हे आधी बघा. कडक ब्रशने घासल्यावर काजळीसारखं काही सुटलं तर शेवाळ. जागचं हललंच नाही तर धातूचा डाग असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर क्लोरीन ओतून उपयोग नाही.

काळं शेवाळ वरून चिकट थराने झाकलेलं असतं आणि ग्राउटच्या छिद्रांत घुसतं. थर फोडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. स्टेनलेस स्टीलच्या तारांचा अरुंद ब्रश फक्त सांध्यांवर वापरा. साध्या लोखंडी तारा नकोत, तुटलेले तुकडे गंजून डाग पाडतात. (फायबरचा किंवा लायनरचा पूल असता तर नुसता नायलॉनचा ब्रश सांगितला असता.) जिथे ग्राउट निघालं आहे तिथे ठिपके परत येणारच. ते सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या.

आणि बॅलन्सिंग टाकी उघडून बघा. ओव्हरफ्लो पूलमध्ये शेवाळाचं बियाणं बहुतेक वेळा तिथे, ओव्हरफ्लोच्या नाल्यात, जाळीच्या उलट्या बाजूला आणि पाण्यातल्या दिव्यांच्या मागे असतं. पूल लख्ख केला आणि टाकी तशीच ठेवली तर सगळी मेहनत वाया.

नारळीबाग:
दोघांचे आभार. स्टॅबिलायझर निम्मं-निम्मं करून 60 आला, म्हणजे 120. ठिपके घासल्यावर काजळी सुटते. टाकीच्या भिंती हिरव्या आहेत.

थेंबमोजणी:
मग चित्र स्पष्ट आहे. शेवाळ मारताना मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या 40 टक्के धरून ठेवावं लागतं. 120 वर ते 48 पीपीएम होतं, ते परवडणार नाही. 40 वर आणलंत तर 16 पुरेल.

120 चं 40 करायला दोन-तृतीयांश पाणी बदलायचं, म्हणजे 30,000 लिटर, 10 हजार लिटरचे तीन टँकर. हे पाणी एकदम काढा. 10 हजार काढून 10 हजार भरत गेलात तर दर वेळी नव्या पाण्याचाही भाग बाहेर जातो आणि तिसऱ्या टँकरनंतरही 56 उरतो.

भरून झालं की पीएच 7.2 ते 7.4 वर आणा. 7.8 वर क्लोरीनचा मारक भाग बराच कमी असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात आम्ल ओतून (उलटं कधीच नाही), पंप चालू ठेवून पसरवा. तासाभराने मोजून मग पुढचं.

आता क्लोरीन. गोळ्या बंद, ताजं लिक्विड क्लोरीन म्हणजे हायपो आणा. 10 टक्के ताकदीचं असेल तर तुमच्या पाण्यात 1 पीपीएमला 450 मिली लागतं. शून्यापासून 16 ला सुमारे 7.2 लिटर. सूर्यास्तानंतर टाका. मग दिवसातून दोन-तीनदा मोजायचं आणि खाली आलेलं भरून काढायचं: 9 दिसलं तर 7 × 450, म्हणजे 3.15 लिटर. एकदाच भरमसाट ओतून आठवडाभर विसरणं, इथेच बहुतेकांचं चुकतं. कॅन उन्हात राहिला असेल तर हायपोची ताकद उतरलेली असते. टाकल्यावर अर्ध्या तासाने मोजा, आकडा कमी चढला तर त्या प्रमाणात माप वाढवा.

हायपो आणि आम्ल एका बादलीत, एका मापात, शेजारी-शेजारीही नको. विषारी वायू सुटतो. टीसीसीएच्या चमच्याने ब्लीचिंगची पावडर काढली तर आग लागू शकते.

वाळूगाळणी:
या काळात पंप 24 तास. स्वच्छ फिल्टरचा दाब लिहून ठेवा, त्यावर 0.5 बार चढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं), काचेतलं पाणी निवळेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स (सरळ दिशेने धुणं). मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या झडपेचा) दांडा फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतलं गास्केट जातं आणि घाण पाणी पूलमध्ये परतायला लागतं. तुरटी आत्ता नको. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं की दांडा वेस्टवर ठेवून सक्शनने थेट बाहेर काढा, फिल्टरमधून नाही.

ब्रश रोज, काळ्या ठिपक्यांवर दोनदा.

जांभाखडक:
एक भर. पाणी आत्ताच काढताय ते बरं. जूनच्या मध्यानंतर भूजल वर येतं आणि रिकाम्या पूलला खालून दाब बसतो. तळ उचलला जातो, टाईल्स फुटतात. तेव्हा पूर्ण रिकामा कधीच करू नका. टँकर मिळत नसतील तर सध्या टाकी धुऊन, ब्रश मारून, हायपोवर दिवस काढा. तुमच्याकडे पावसाळ्यात दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, पूलच्या सरासरी खोलीपेक्षा जास्त. ओव्हरफ्लो बाहेर सोडलात तर बराचसा स्टॅबिलायझर पाऊसच धुऊन नेईल.

नारळीबाग:
टँकर परवा येत आहेत. थांबायचं कधी, आणि नंतर रोजचं काय?

थेंबमोजणी:
पाणी नितळ हवं. रात्री अंधार पडल्यावर आणि सकाळी ऊन यायच्या आत मोजलं तर रात्रीत 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरायला नको. बांधलेलं क्लोरीन 0.5 च्या आत. तिन्ही एकाच दिवशी जमल्यावरही काळ्या ठिपक्यांसाठी आणखी तीन-चार दिवस तसंच चालू ठेवा. तोवर पोहणं बंद.

नंतर 16 वरून आपोआप उतरू द्या. 40 स्टॅबिलायझरला मोकळं क्लोरीन 4 ते 5, कधीही 3 च्या खाली नको. त्यासाठी रोज संध्याकाळी लिटरभर हायपो धरून चाला, उन्हानुसार कमी-जास्त करा. पंप 4 तास कमी आहे, 8 करा. बाहेरगावी जाताना गोळ्या चालतील, पण परतल्यावर स्टॅबिलायझर मोजायचा.