'विअर्ड'चा जुना अर्थ नियती??

चौकसबुद्धी
मंडळी एक शंका आहे. भाची शेक्सपिअरचं मॅकबेथ नाटक वाचतेय, त्यात त्या तीन चेटकिणींना 'विअर्ड सिस्टर्स' म्हटलंय. तिचं म्हणणं बायका असून दाढ्या आहेत म्हणजे विचित्रच की, पण खाली तळटीपेत 'विअर्ड म्हणजे नियती' असं एका ओळीत उरकलंय. नियतीवरून थेट विचित्रवर गाडी कशी आली? कोणी नीट सांगेल का

जुनीपोथी
तळटीप बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत 'विर्ड' हे नाम होतं, विशेषण नाही, आणि अर्थ दैव, जे घडायचं ते. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात तर सरळ म्हटलंय की विर्ड तिला जायचं तशीच जाते. पुढे इंग्लंडात शब्द मागे पडला पण स्कॉटलंडमध्ये टिकला. शेक्सपिअरने गोष्ट उचलली होलिनशेडच्या बखरीतून (1577, 1587ची सुधारित आवृत्ती), तिथे या बहिणी म्हणजे जणू दैवाच्या देवताच असं स्पष्ट लिहिलंय. गंमत म्हणजे 1623च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला छापील संग्रह) स्पेलिंग भलतंच आहे, 'वेवर्ड'सारखं, आताचं रूप नंतरच्या संपादकांनी आणलं.

चौकसबुद्धी
ओके पण मग विचित्र कधी झालं?

जुनीपोथी
बऱ्याच उशिरा. लोकांना हा शब्द माहीत तो या नाटकामुळेच, आणि स्टेजवर दिसायच्या त्या भेसूर बाया, त्यामुळे दैवबिव बाजूला पडून अद्भुत, अंगावर काटा आणणारं असा अर्थ चिकटला. 19व्या शतकाच्या सुरुवातीला शेलीसारखे कवी तसाच वापरतात. तिथून घसरत घसरत आता ऑफिसात कोणी डब्यात काही वेगळं आणलं तरी विअर्ड 😄

वळणदार
मूळ अजून मागे जातं. विर्ड आला 'होणे, घडणे' अशा क्रियापदावरून, जर्मनमधलं 'वेर्डन' त्याचंच भावंड. त्याच्याही मागे वळणे, फिरणे अशा अर्थाचा धातू आहे आणि तोच संस्कृतात वृत्. म्हणजे आपलं वर्तुळ, वर्तन, परिवर्तन, एवढंच काय देवापुढची वात (वर्ति वरून, वळतो ना आपण ती) हे सगळे विअर्डचे लांबचे नातेवाईक!! नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) पुराणातली नियतीदेवी 'उर्द' तर अगदी सख्खीच.

सहजच
वर्ड म्हणजे शब्द तो पण यातलाच का मग?

वळणदार
नाही हो, त्याचं कूळ वेगळं, बोलणे अर्थाच्या धातूवरून. नुसता आवाज सारखा.

जुनीपोथी
@चौकसबुद्धी भाचीला एक सांगा, स्कॉट लोकांत 'ड्री युअर विअर्ड' असा प्रयोग आहे, आपण 'भोग भोगून संपवायचे' म्हणतो तोच अर्थ. आणि दुसऱ्या अंकात मॅकबेथचा सोबती बँको म्हणतो की काल रात्री त्या विअर्ड सिस्टर्स स्वप्नात आल्या, तिथे 'विचित्र बहिणी' घालून वाचा आणि मग 'दैवाच्या बहिणी', त्याला झोप का नकोशी वाटते ते लगेच कळतं.