रांगणा किल्ल्याच्या वाटेवर गाडी बंद पडली, पुढच्या वेळी काय तयारी ठेवू?

करवीरची लेक

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आई, बाबा आणि माझा सहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन पाटगावला गेले होते. मौनी महाराजांच्या मठात दर्शन झालं. बाबांना रांगणा निदान लांबून तरी बघायचा होता, म्हणून भटवाडीच्या पुढं गाडी घातली. डांबर संपलं, चढ लागला, पाऊण तास पहिला-दुसरा गिअर. मग बॉनेटमधून वाफ. तापमानाचा काटा बघितला तर लाल पट्ट्याच्या टोकाला. गाडी बंद केली. संध्याकाळचे साडेचार, मोबाईलला रेंज नाही आणि बाबांची बीपीची गोळी घरीच राहिलेली.

मी रेंज शोधत चालत निघाले होते, आईनं हात धरून थांबवलं. दीड तासानं गुरं घेऊन परतणारे एक आजोबा भेटले. त्यांच्या नातवानं मला मोटरसायकलवरून पाटगावात नेलं. गारगोटीतून मिस्त्री यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. तोवर आई-बाबांना आजोबांनी घरी नेऊन आमटी-भात वाढला होता, माझं पोरगं त्यांच्याच वाकळेत झोपलं होतं. पैसे देऊ केले तर आजी रागावल्या.

रेडिएटरचा वरचा रबरी पाइप क्लिपपाशी बोटभर फाटला होता. दहाच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालेलं, पण पाइपला कुणी हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर दाजीपूरला जायचंय. गाडीत काय ठेवू? रेंज नसेल तर काय करायचं? म्हातारी माणसं गाडीत ठेवून मदत आणायला जावं का? हा शेवटचा प्रश्न मला झोपू देत नाही.

उद्यमनगर गॅरेज

ताई, पाइप एका दिवसात फाटत नसतोय. इंजिन थंड असताना बोटांनी दाबून बघायचा. क्लिपजवळ फुगीर, मऊ लोण्यासारखा लागला किंवा बारीक भेगा दिसल्या तर बदलायचाच. मोठ्या फेरीआधी दोन मिनिटांचं काम आहे हे.

काटा नुसता वर सरकतोय, वाफ नाही, अशा वेळी एसी बंद करा, हीटर फुल्ल सोडा, काचा खाली घ्या. हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो. गाडी सपाटीला घेऊन थांबा. वाफ दिसली किंवा खाली पाणी गळतंय तर इंजिन लगेच बंद. मग निदान अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, झाकण फिरवलं की थेट तोंडावर येतं. माझ्याकडं असा भाजलेला हात घेऊन माणसं आलीत, म्हणून परत सांगतोय. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जातो.

थंड झाल्यावर पाइप कोरडा पुसा आणि स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून सात-आठ वेढे घ्या. फाटलेलं टोकाला असेल तर तेवढं कापून पाइप परत चढवा, क्लिप आवळा. पाणी भरा आणि झाकण पहिल्या खाचेवरच ठेवा, पूर्ण आवळू नका. दाब कमी राहिला की जोड टिकतो. हळू चालवत, काट्यावर नजर ठेवत गावापर्यंत पोचता. पाच-पाच लिटरचे दोन कॅन गाडीत ठेवाच. घरी आल्यावर ते पाणी काढून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरून घ्या.

आणि एक. गाडी बंद पडली म्हणून घाटाच्या उतारावर इंजिन बंद ठेवून सोडू नका. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पॅडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं.

बावडेकर सून

माहेर कोल्हापूर, सासर गगनबावडा. करूळ आणि भुईबावडा, दोन्ही घाट आमच्या दारातून उतरतात. पावसाळ्यात बंद गाड्या दर आठवड्याला बघते.

आमच्याकडं धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसत नाहीत. नुसते पार्किंगचे दिवे लावून भागत नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण पन्नास-साठ पावलं मागं, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं ठेवा, चाकाखाली दगड द्या. ढकलता येत असेल तर गाडी डोंगराच्या कड्यापासून पुढं न्या, दरडीतला दगड सांगून येत नाही. ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर इंजिनच्या आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: अंधार व्हायला दोन तास असतील, गाव माहीत असेल आणि गाडीत दुसरं जाणतं माणूस असेल तरच जा. नाहीतर सगळे गाडीपाशीच थांबा. आपल्या भागात जवळपास प्रत्येक वाडीवर सकाळ-संध्याकाळ दूध गोळा होतं. ती दुधाची गाडी नाहीतर शेवटची एसटी, त्यांच्या वेळा जातानाच गावात विचारून ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर लागतो.

राधानगरीवाला

दाजीपूरची गोष्ट वेगळी. ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे आणि गवे रस्त्यावर येतात. तिन्हीसांजेनंतर बॉनेट उघडून वाकून बसू नका. गवा दिसला तर आत बसा, दिवे मारू नका, हॉर्न वाजवू नका, तो आपला आपण जातो. मदतीसाठी वन विभागाची हेल्पलाइन १९२६. आत जाताना नाक्यावर गाडीचा नंबर आणि परतायची वेळ सांगा. घरीही एकाला सांगा, "अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधायला लागा." नकाशा राधानगरीतच मोबाईलवर उतरवून घ्या.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरीनं ओढून नेऊ नका, गिअरबॉक्स जातो. चाकं उचलूनच न्यायची.

करवीरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅन, टेप, त्रिकोण, हातातली बॅटरी, चादर, हवा भरायचा पंप घेतला. बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात. दूधगाडीच्या वेळा विचारून ठेवेन.

दादा, तुम्ही सांगितल्यावर आज सकाळी खालचा पाइप दाबून बघितला. क्लिपपाशी फुगलाय.

उद्यमनगर गॅरेज

मग थांबू नका, पाइप बदला. त्यासाठी कूलंट काढावं लागणारच, तर थर्मोस्टॅटची (इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेची) रबर रिंगही त्याच वेळी बदला. नवीन क्लिप स्क्रूची घ्या, स्प्रिंगची रस्त्यात हातानं आवळता येत नाही. जुना पाइप चांगला असेल तेवढा कापून गाडीत ठेवा, वाटेत जोडायला उपयोगी पडतो.