मदत हवी आहे : मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मूळ नावाने विकावे की स्वतःच्या?

हळदपेठ_सांगली : सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यांना आम्ही हिशेबाचे आणि गोदामातील साठ्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता व बदलता येतो असे) बसवून देतो. नव्या दुकानाच्या पाटीवर सॉफ्टवेअरचे मूळ नाव द्यावे की आमचे? पाटी रंगवायला द्यायची आहे, कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ : परवाना कोणता आहे आणि मूळ कोडमध्ये आपण बदल केले आहेत का, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

हळदपेठ_सांगली : परवाना जीपीएल ३ हा मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा प्रचलित परवाना आहे. हमाली-तोलाईच्या कपातीसाठी बदल करावेच लागतात. कोड विकायला मोकळीक असताना नावाची अडचण कशी येते?

कृष्णाकाठ : परवाना कोड वापरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो, नाव व बोधचिन्ह मात्र ट्रेडमार्क कायद्यानुसार मालकाकडेच राहतात. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल केले, तेव्हा २००६ मध्ये फायरफॉक्सची मालक असलेल्या मोझिलाने नावाला हरकत घेतली आणि तोच ब्राउझर डेबियनमध्ये २०१६ पर्यंत ‘आइसवीझल’ या नावाने राहिला.

मिरज_जंक्शन : स्वतःचेच नाव द्या. मी मिरजेतील दवाखान्यांना असेच सॉफ्टवेअर देतो. डॉक्टरांना मूळ नाव आठवतही नाही. अडचणीच्या वेळी फोन कोण उचलतो, एवढेच ते पाहतात.

विटेकर : हे जुन्या गिऱ्हाइकांचे झाले, नवे गिऱ्हाईक नाव पाहूनच येते. सेंटओएस ही संगणक प्रणाली रेड हॅट या लिनक्स प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्याच कोडमधून, त्यांची बोधचिन्हे काढून तयार होत असे आणि फुकट मिळत असे, तरी मोठ्या कंपन्या रेड हॅटलाच पैसे देत राहिल्या.

मिरज_जंक्शन : त्या कंपन्या नावामागच्या सेवेचे पैसे देत होत्या, आणि सांगलीत ती सेवा हळदपेठच देणार आहेत.

वसगडे : ट्रेडमार्क नोंदणीसाठी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्ज केल्यास वस्तू वा सेवेच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते.

हळदपेठ_सांगली : नोंदणीचा विचार अद्याप नाही. मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर नावासंबंधीचे धोरण सापडले. बदललेल्या आवृत्तीला ते नाव देण्यासाठी लेखी परवानगी लागते. ‘अमुक सॉफ्टवेअरवर आधारित’ असे खाली बारीक अक्षरांत लिहिले तर चालेल का?

कृष्णाकाठ : वस्तुस्थिती सांगणारा तसा उल्लेख साधारणपणे चालतो, मात्र त्यांचे बोधचिन्ह वापरू नका आणि आपण त्यांचे अधिकृत विक्रेते आहात असा समज होऊ देऊ नका. धोरणातील तो परिच्छेद येथे द्या, वाचून सांगतो.

विटेकर : अक्षरे फार बारीक ठेवू नका, रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत.