मुलाला 'सुधारायला' पाठवलं, तिथे छळ झाला. दोष आईवडिलांचा किती?

मृण्मयी_के
आम्ही अमेरिकेत असतो, नवरा इथलाच. २०११ मध्ये तो सोळा वर्षांचा होता, शाळा बुडवायचा, गांजा ओढायचा म्हणून आईवडिलांनी त्याला युटामधल्या एका थेरप्युटिक बोर्डिंग स्कूलमध्ये, म्हणजे 'बिघडलेल्या' मुलांना सुधारायच्या निवासी शाळेत, टाकलं. म्हणजे पहाटे दोन अनोळखी माणसं खोलीत आली, बूट घाल म्हणाली, आई दारातच उभी होती पण एक शब्द बोलली नाही. तिथे आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलायची बंदी, ग्रुपमध्ये मधे बसवून सगळ्यांनी त्याला वाट्टेल ते बोलायचं, घरचा फोन स्टाफ ऐकणार. आता सासूबाई म्हणतात, अशा शाळा सुचवणाऱ्या कन्सल्टंटने सांगितलं तसं केलं, आम्हाला काय माहीत? तो त्यांच्याशी बोलत नाही आणि त्या मला मधे घालतात. काय करू?

समीर७४
ताई, आईवडिलांना एकदम खलनायक ठरवू नका. पोरगं हाताबाहेर चाललंय, रात्र रात्र झोप नाही, अशा वेळी कुणीतरी 'एक्स्पर्ट' ठामपणे सांगतो की हाच मार्ग, तर माणूस घर गहाण टाकूनही पैसे भरतो. शिवाय आधीच पढवून ठेवतात की मुलगा रडेल, मारतात म्हणेल, ते मॅनिप्युलेशन आहे, विश्वास ठेवू नका.

अनुजा_लिहिते
@समीर७४ फसवतात हे कबूल, पण २०११ म्हणजे काही अंधारयुग नव्हतं. गाओ या सरकारी तपास संस्थेने २००७ मध्येच अमेरिकन काँग्रेसपुढे अशा प्रोग्रॅम्समधल्या छळाच्या हजारो आरोपांचा आणि मृत्यूंचा रिपोर्ट ठेवला होता, २००८ मध्ये त्यांच्या फसव्या जाहिरातींवरही. आणि ते मधे बसवून बोलणं हे मूळचं सिनॅनॉनचं, १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी निघालेली ती संस्था पुढे पंथच बनली. त्याला थेरपी म्हणायचं? आईवडिलांच्या नुसत्या सहीवर पोराला उचलून नेता येतं, एवढा अधिकार हातात आहे तर चौकशी करायची जबाबदारी पण त्यांचीच ना.

मृण्मयी_के
त्याची पत्रं अजून सासूबाईंकडे आहेत. एकात 'मला घरी न्या, मी काहीही करीन' आणि त्यालाच पिन केलेली थेरपिस्टची चिठ्ठी की हे अपेक्षितच आहे, उत्तर देऊ नका. त्यांनी दिलं नाही.

डॉ_वैशाली
मी किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठवताना ते फसले असतील, त्याचा मोठा दोष विकणाऱ्यांचा. पण तो घरी आल्यावर, मोठा झाल्यावर सांगत असताना 'तुझ्या भल्यासाठीच केलं' म्हणत राहणं, हे कुठल्या कन्सल्टंटने करायला लावलेलं नाही, ते पूर्णपणे त्यांचं आहे. बहुतेक मुलांना जास्त सलतं ते हेच. तुम्ही निरोप पोचवू नका. सासूबाईंना सांगा, स्वतः पत्र लिहा, तू खरं सांगत होतास आणि आम्ही ऐकलं नाही एवढंच, त्यात 'पण' नको. उत्तर द्यायचं की नाही ते तो ठरवेल, आणि नाही दिलं तर त्याच्यामागे लागू नका.

समीर७४
@डॉ_वैशाली हे पटलं. फक्त एक, आत्ता कुणी मुलाला पाठवायच्या विचारात असेल तर अशा संस्थांवरच्या नव्या अमेरिकन कायद्याच्या भरवशावर राहू नका. डिसेंबर २०२४ मध्ये, लहानपणी स्वतः अशा शाळेत राहिलेल्या सेलिब्रिटी पॅरिस हिल्टनच्या पाठपुराव्याने झाला तो मुख्यतः अभ्यास आणि शिफारशींपुरता आहे, त्याने एकही जागा आपोआप बंद होत नाही. मुलाशी एकट्याने, कुणी ऐकत नसताना बोलू देत नसतील तर तिथे ठेवूच नका.