बाजूला ठेवलेली रकान्यांची नावंही सेटनेम्सने बदलली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. लासलगाव आणि पिंपळगावच्या कांदा बाजारभावाच्या फायली आर या प्रोग्रामिंग भाषेत डेटा.टेबल हे पॅकेज वापरून जोडतोय. एकीत रकाना ‘सरासरी’, दुसरीत ‘सर्वसाधारण दर’, तोही शेवटी एक स्पेस सोडून (ती सापडेपर्यंत अख्खी संध्याकाळ गेली!). रकान्यांची नावं बदलणाऱ्या सेटनेम्स फंक्शनला जुनं नाव, नवं नाव दिलं, काम झालं. पण त्याआधी नेम्सने (रकान्यांची नावं देणारं फंक्शन) जुनी नावं वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती, तीही बदलली! सेटनेम्स कॉपी न करता मूळ टेबलच बदलतं हे ठाऊक होतं, पण या यादीलाही हात लावेल असं वाटलं नव्हतं. नेम्सभोवती कॉपी (वेगळी प्रत करणारं फंक्शन) लावायचं का?

शिवाय एखाद्या फायलीत ‘आवक’ रकानाच नसतो, तिथे सेटनेम्स एरर देतं. स्किप_अ‍ॅब्सेंट (नसलेली नावं सोडून देणारा पर्याय) ट्रू केलं तर माझ्या टायपिंगच्या चुकाही गुपचूप सुटतील ना?